दिल्लीची पावणेआठ लाखांची की पुण्याची अकरा लाखांची? एका जुन्या बीएमडब्ल्यू ५२०डीच्या खरेदीचं प्रकरण

ही खरेदी माझ्या घरातलीच आहे. गाड्यांचे नंबर, विक्रेत्यांची ओळख आणि वर्कशॉपची नावं वगळली आहेत. रकमा त्या वेळच्या पावत्यांवरून आणि माझ्या वहीतून घेतल्या आहेत. मी पुण्यात गाड्यांच्या दुरुस्तीच्याच धंद्यात आहे, त्यामुळे घरातल्या कुणालाही गाडी घ्यायची झाली की फोन मला येतो. या वेळी फोन कोल्हापूरच्या काकांचा होता.

पार्श्वभूमी

काकांचं शिरोली एमआयडीसीत मशिनिंगचं छोटं युनिट आहे. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग घासून, भोकं पाडून पुढे द्यायचं, हेच काम ते तीस वर्षं करत आलेत. २०२२ साली ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. दारात अडीच लिटर डिझेलची इनोव्हा होती, दोन लाख साठ हजार किलोमीटर झालेली. त्या गाडीनं त्यांना कधी रस्त्यात सोडलं नव्हतं. तिचा टायमिंग बेल्ट ते ठरलेल्या किलोमीटरला न चुकता बदलून घेत.

त्यांना हवी होती एक चांगली, शांत, मोठी सेडान. महिन्यातून दोनदा कोल्हापूर-पुणे, म्हणजे एका बाजूला सुमारे २३० किलोमीटर, आणि बाकी घर ते कारखाना. बजेट १५ लाख. त्यात नवी लक्झरी गाडी येत नाही, पण नवी असताना चाळीस लाखांच्या आसपास असलेली नऊ-दहा वर्षांची गाडी येते. काकांना बीएमडब्ल्यूची ५ सिरीज आवडायची. फार पूर्वी एका ग्राहकाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून ते मुंबईला गेले होते, आणि तो प्रवास त्यांच्या मनातून गेला नव्हता.

अडचण

५ सिरीजच्या त्या काळातल्या ५२०डी या मॉडेलमध्ये जे दोन लिटरचं डिझेल इंजिन बसतं त्याचं नाव एन४७. आपल्याकडे गाडी चेन्नईजवळच्या कारखान्यात जोडली जायची, पण हे इंजिन मूळचं ऑस्ट्रियातल्या स्टायरचं. १९९५ सीसी, १८४ अश्वशक्ती. चालवायला फार गोड, हायवेवर मायलेजही छान. पण जगभर या इंजिनाचं नाव एका गोष्टीसाठी घेतलं जातं, ती म्हणजे टायमिंग चेन, पिस्टनच्या तालात व्हॉल्व्ह उघडत-मिटत ठेवणारी साखळी.

बहुतेक इंजिनांत चेन पुढच्या बाजूला असते. एन४७ मध्ये ती मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. चेनला वळण देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, ज्यांना आम्ही गाइड म्हणतो, त्या झिजतात किंवा तडकतात. मग चेन सैल पडते आणि आवाज करू लागते. दुर्लक्ष केलं तर एक दिवस ती दात सोडते किंवा तुटते, पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन संपतं. ऑइल बदलायला उशीर करत गेलेल्या गाड्यांत हे लवकर होतं, कारण चेनच्या पिना आणि बुश त्या ऑइलवरच जगतात. २०११ च्या आधीची इंजिनं जास्त बदनाम आहेत, पण नंतरच्या गाड्याही आमच्याकडे याच कामासाठी आलेल्या मी पाहिल्या आहेत. चेनचे सुटे भाग त्या मानानं महाग नाहीत, मजुरी महाग पडते. पुढच्या बाजूला असती तर दोन दिवसांचं काम झालं असतं. इथे गिअरबॉक्स उतरवावा लागतो किंवा सरळ इंजिनच बाहेर काढावं लागतं.

मी हे सगळं काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "अरे, माझ्या कन्व्हेयरची चेन तीन टक्के लांबली की मी बदलतो की. झिजणारी वस्तू झिजणारच. कधी झिजली हे कळायला पाहिजे, एवढंच."

पुढचे दोन महिने आम्ही याच एका गोष्टीच्या मागे होतो. बाहेरून गाडी बघून तिची चेन किती झिजली आहे ते कळत नाही.

समोर आलेले पर्याय

पहिली, दिल्ली पासिंगची ५२०डी, नोव्हेंबर २०१२ ची. मीटरवर ६१,००० किलोमीटर, किंमत पावणेआठ लाख. इतकी स्वस्त का, ते उघड होतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश आणि त्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केलेलं शिक्कामोर्तब, यामुळे राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला बंदी होती. या गाडीची दहा वर्षं संपायला सहा आठवडे उरले होते आणि दर आठवड्याला किंमत उतरत होती.

दुसरी, पुण्यातली २०१३ ची ५२०डी, ९२,००० किलोमीटर, मागणी ११ लाख ४० हजार. मी हिच्याकडे पहिल्यांदा पाहिलंसुद्धा नाही. किलोमीटर जास्त, किंमत जास्त. यादीत खाली ढकलली.

तिसरी, मुंबई पासिंगची मर्सिडीज ई२५० सीडीआय, ५८,००० किलोमीटर, पावणेपंधरा लाख. माझा स्वतःचा कल हिच्याकडे होता. तिच्या ओएम६५१ इंजिनातही चेन मागेच असते आणि सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या डिझेल फवारणाऱ्या पिएझो इंजेक्टरनी खूप त्रास दिला होता, पण चेनच्या बाबतीत एन४७ इतकं वाईट नाव त्याला नाही. अडचण एवढीच की सर्व्हिसच्या नोंदी २०१८ ला थांबत होत्या. पुढची चार वर्षं गाडीचं ऑइल कुणी, कधी, कोणतं बदललं याचा एकही कागद नव्हता.

कॅमरी हायब्रिडही पाहिली. इंजिनाची काळजी करावी अशी ती गाडीच नाही. पण चांगली गाडी अठरा लाखांच्या खाली मिळेना, आणि एक फेरी मारून आल्यावर काकांनी किल्ली शांतपणे परत दिली. माणूस स्वतःच्या आयुष्यातली एकच हौस करतोय, तिथे मी आग्रह धरला नाही.

दिल्लीची फेरी

पहिली चूक इथे झाली. मी गाडी पाहण्याआधीच काकांनी पंचवीस हजार रुपये टोकन पाठवून दिलं. विक्रेत्यानं सांगितलं होतं की दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय. टोकन परत मिळण्याबद्दल लेखी काहीच नव्हतं.

मी विमानानं दिल्लीला गेलो. आदल्या रात्री फोन करून बजावलं होतं, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." एन४७ ची चेन बोलते ती थंड इंजिनावर. रात्रभर उभी असलेली गाडी चालू केल्यावर पहिले काही सेकंद, आणि मग दीड ते दोन हजार आरपीएमच्या मध्ये, मागच्या बाजूनं, म्हणजे जवळजवळ डॅशबोर्डाच्या मुळाशी, घासल्यासारखा किंवा खुळखुळ्यासारखा आवाज येतो. ऑइल गरम होऊन दाब बसला की तो पुष्कळदा दबतो.

सकाळी नऊला पोहोचलो, बॉनेटवर हात ठेवला तर गरम. "गाडी धुवायला पुढे घेतली होती," असं उत्तर मिळालं. मी मुक्काम वाढवला. दुसऱ्या दिवशी साडेआठला गेलो, तरी बॉनेट गरम.

तरीही मी उरलेली तपासणी केली. स्कॅनर लावला, एकही फॉल्ट नाही. पण सगळ्या कंट्रोल युनिटमधली मेमरी इतकी कोरी होती की ती नुकतीच पुसलेली असावी असं वाटलं. दहा वर्षांच्या गाडीत एखादी जुनी, किरकोळ नोंद असतेच. अधिकृत वर्कशॉपची शेवटची नोंद २०१७ ची, ५४,००० किलोमीटरला. त्यानंतरच्या पाच वर्षांत गाडी फक्त सात हजार किलोमीटर चालली असं मीटर सांगत होतं. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर ऑइल बदलल्याचा एक स्टिकर दिसला, नखानं खरवडलेला. आकडा अर्धा गेला होता, पण सुरुवातीचा आठ स्पष्ट वाचता येत होता. म्हणजे पुढचं ऑइल ऐंशी हजारांच्या पुढे कुठेतरी बदलायचं होतं.

शेवटी मी एकच गोष्ट मागितली. या इंजिनाचा ऑइल फिल्टर कागदी कार्ट्रिजचा असतो, वरून झाकण उघडून बाहेर काढता येतो. तो काढून मला बघू द्या, नवा मी माझ्या पैशानं बसवतो. गाइड तुटत असतील तर त्यांचं प्लास्टिक काही वेळा त्या घड्यांत सापडतं. फिल्टर स्वच्छ निघाला म्हणून चेन चांगली असं ठरत नाही, कारण मोठे तुकडे खाली ऑइल साठतं त्या चेंबरच्या जाळीतच अडकतात. पण प्लास्टिक सापडलं तर प्रश्नच मिटतो. विक्रेत्यानं नकार दिला.

मी काकांना फोन केला आणि गाडी सोडून द्यायला सांगितलं. टोकन गेलं. काका रागावले, आणि त्यांचा राग पैशांपेक्षा माझ्यावर होता. "आवाज ऐकलास का तू स्वतः? नाही ना? मग खराब आहे कशावरून म्हणतोस?" त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. माझ्याकडे पुरावा नव्हता. पुरावा मिळू नये अशी व्यवस्था केलेली दिसत होती, आणि माझा निर्णय त्यावरच उभा होता. दोन दिवस त्यांचा फोन आला नाही.

कागदावर मांडलेला हिशेब

त्या दोन दिवसांत मी वहीत आकडे मांडले आणि फोटो काढून त्यांना पाठवले. हे मी दिल्लीला जाण्याआधी करायला हवं होतं.

दिल्लीची गाडी ७ लाख ७५ हजार. परराज्यातली गाडी कायमची इथे आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी घ्यायची आणि बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यायचा. त्या वेळी महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या खासगी डिझेल गाडीला मूळ किमतीवर १५ टक्के रोड टॅक्स होता, आणि जुन्या गाडीला तिच्या वयानुसार त्यातला काही भाग भरावा लागतो. एजंटनं एक लाख नव्वद हजारांचा अंदाज दिला. ट्रकवरून गाडी आणणं, एनओसी, कागदपत्रं यांचे साठ हजार. इथवर १० लाख २५ हजार झाले. चेनचा इतिहास माहीत नाही, म्हणजे ती बदलायचीच आहे असं धरायचं. इंजिन उतरवून पूर्ण काम सव्वादोन लाख. एकूण साडेबारा लाख, आणि एवढं करून खरे किलोमीटर किती ते माहीत नाहीच.

यादीत खाली ढकललेली पुण्याची गाडी ११ लाख ४० हजारांना होती. एमएच-१२ ची गाडी कोल्हापूरच्या नावावर करताना रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही.

काकांचा फोन आला. "पुण्याची का बघितली नाहीस अजून?"

पुण्यातली गाडी

मालक एक डॉक्टर होते, गाडी पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडेच. सकाळी सातला आम्ही दोघं पोहोचलो. बॉनेट गार. गाडी चालू केली, मी विंडस्क्रीनच्या खालच्या कडेला कान लावून उभा राहिलो. डिझेलचा नेहमीचा आवाज, बाकी काही नाही. दोन हजारपर्यंत हळूहळू वर नेली, खाली आणली. शांत.

फाइल चाळताना मला २०१९ ची एक पावती दिसली, २ लाख ३१ हजारांची. डॉक्टर जरा संकोचले. "इंजिन खोललंय म्हटलं की गिऱ्हाईक पळतं, म्हणून जाहिरातीत लिहिलं नाही." ७१,००० किलोमीटरला सकाळचा खडखड आवाज ऐकून त्यांनी इंजिन उतरवून चेनचं काम करून घेतलं होतं.

त्या पावतीतली प्रत्येक ओळ मी वाचली, कारण या कामात पुष्कळ जण अर्ध्यावर थांबतात. एन४७ मध्ये चेन दोन टप्प्यांत आहे. खालची क्रँकशाफ्टपासून, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यापासून, डिझेलच्या हाय-प्रेशर पंपापर्यंत, आणि तिथून वरची व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत. फक्त वरची बदलली तर आवाज काही काळ जातो आणि बिल निम्म्यावर येतं. इथे दोन्ही चेन, सगळे गाइड, चेन ताणून धरणारे टेन्शनर आणि तिची दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट, लिहिलेले होते, सुट्या भागांच्या नंबरासकट. त्यानंतर दर आठ-दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलल्याच्या पावत्या क्रमानं लावलेल्या.

मग डॉक्टर आत गेले आणि पुठ्ठ्याचा एक खोका घेऊन आले. काढलेले जुने भाग त्यांनी वर्कशॉपमधून मागून घेतले होते आणि तीन वर्षं गॅरेजमध्ये ठेवले होते. काकांनी त्यातला गाइड उचलला. चेननं त्यात खोल चर पाडला होता आणि एक टोक तडकून गेलं होतं. त्यांनी चर अंगठ्यानं चाचपला, जुनी चेन दोन्ही हातांत आडवी धरून किती लचकते ते पाहिलं, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आयुष्यभर धातूची झीज बघितलेला माणूस. मी इंजिनाबद्दल इतके दिवस जे सांगत होतो ते त्या खोक्यानं पाच मिनिटांत पटवलं.

ऑइल फिल्टर बघायला डॉक्टरांनी लगेच होकार दिला. माझ्या वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन फिल्टर काढला, कापून घड्या उलगडल्या. स्वच्छ. धुराचा काही भाग थंड करून इंजिनात परत पाठवणारा ईजीआर कूलरही नीट पाहिला. २०१८ साली दक्षिण कोरियात याच कंपनीच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या होत्या आणि त्याचं मूळ या कूलरमधून गळणाऱ्या कूलंटमध्ये निघालं होतं, त्यामुळे या पिढीच्या गाडीत तिथे बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. कोरडा होता.

सौदा १० लाख ८५ हजारांना ठरला. उरलेल्या चार लाखांपैकी तीन लाख काकांनी वेगळ्या खात्यात टाकले. ते पैसे या गाडीचेच समजायचे, दुसऱ्या कशालाही वापरायचे नाहीत, असं आमचं ठरलं.

पुढचे २६ महिने

ऑक्टोबर २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात गाडी ३१,००० किलोमीटर चालली. इंजिनानं एकदाही तक्रार केली नाही.

खर्च झाला तो दुसरीकडे. पाचव्या महिन्यात सकाळच्या थंड गाडीत दुसऱ्यावरून पहिल्या गिअरवर येताना झटका बसू लागला. लिफ्टवर घेतली तर गिअरबॉक्सच्या खालच्या प्लास्टिकच्या चेंबरला ऑइल पाझरत होतं. आठ गिअरच्या या झेडएफ गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर पुरतं असं गाडी बनवणारे सांगत, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या मध्ये ते बदलायला सांगते. डॉक्टरांच्या इतक्या नीटनेटक्या फाइलमध्ये त्याची पावती नव्हती, आणि इंजिनाच्या नादात ती नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. फिल्टर चेंबरलाच जोडलेला असतो, म्हणून सगळं एकत्र बदललं. ७८ हजार.

साताऱ्याच्या अलीकडे, सहापदरीकरणाच्या कामातल्या एका खड्ड्यात दोन रनफ्लॅट टायर, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, बाजूनं फाटले. या गाडीत स्टेपनी नसते. ४३ हजार. पुढचे ब्रेक डिस्क आणि पॅड ६२ हजार, बॅटरी २४ हजार, तीन वेळा ऑइल-फिल्टर मिळून साडेएकोणपन्नास हजार. एकूण २ लाख ५६ हजार ५००. डिझेल आणि विमा सोडून महिन्याला जवळजवळ दहा हजार पडले. इनोव्हाची सवय असलेल्या माणसाला हा आकडा जड वाटला असता, पण तीन लाख आधीच बाजूला होते, त्यामुळे प्रत्येक बिलाला घरात चर्चा झाली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

टोकनचं तर उघडच आहे. गाडी बघण्याआधी पैसे द्यायचेच असतील तर "तपासणीत नापसंत झाल्यास परत" ही एक ओळ व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्यायला हवी होती. विक्रेता नाही म्हणाला असता तर विमानाचं तिकीटही वाचलं असतं.

माझी मोठी चूक किलोमीटरच्या रकान्यावरून यादी लावण्याची. ६१ हजार, ५८ हजार, ९२ हजार असे आकडे समोर आले आणि मी शेवटचा खाली टाकला. ज्या इंजिनाचा कमकुवत भाग सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात तो भाग बदललेली ९२ हजारांची गाडी न बदललेल्या साठ हजारांच्या गाडीपेक्षा तरुण धरायला हवी. धंद्यात असून मला हे त्या खोक्यापाशी उभं राहिल्यावर सुचलं. मालकही तीच पावती डाग समजून लपवत होता, आणि बहुतेक खरेदीदार तिच्याकडे तसंच बघतात. मी आता "इंजिन खोललंय का" हे विचारून थांबत नाही, "खोललं असेल तर बिल दाखवा" असं म्हणतो.

गिअरबॉक्सच्या ऑइलची पावती सौद्याआधी लक्षात आली असती तर किमतीत पन्नास हजार तरी कमी झाले असते. शिवाय टेस्ट ड्राइव्ह आम्ही गाडी गरम झाल्यावर केली. इंजिन थंडपणी ऐकलं, गिअरबॉक्स मात्र थंडपणी चालवून बघितला नाही.

मर्सिडीजबद्दल मी अजून कधीकधी विचार करतो. कदाचित ती उत्तम गाडी असेल. पण चार वर्षांचं ऑइल कुणी दाखवू शकत नव्हतं, आणि दिल्लीनंतर काका तेवढं डोळे मिटून घ्यायला तयार नव्हते. मीही नव्हतो.

आरसी २०२८ पर्यंत आहे. पुठ्ठ्याचा तो खोका डॉक्टरांनी गाडीबरोबरच दिला. तो आता शिरोलीत काकांच्या टेबलामागच्या रॅकवर आहे, आणि प्रत्येक वेळी ऑइल बदललं की ते त्याच्या झाकणावर मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहितात.